गावपळणीतला कॅमेरा

माझा दीर गुरुप्रसाद पूर्ण मांडी घालून जेवलाय असं मी कधी पाहिलं नाही. एक गुडघा वर, डाव्या हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये जपानातला नाहीतर चीनमधला कुणी सुटाबुटातला माणूस नवीन कॅमेरा हातात धरून उभा. त्या माणसाची भाषा गुरूला कळत नाही. कॅमेरा मात्र कळतो, आणि पडद्यावर किंमत आली की ह्याचा घास तोंडाशी थांबतो. "वयनी, आमी मेलांव," असं म्हणतो. भात गार होतो, किशोरी त्याच्या हातातला फोन काढून घेते, तो हात धुवायला म्हणून उठतो आणि थेट दुकानात जातो. किशोरी त्याची बायको. तिच्या सहनशक्तीबद्दल वेगळं लिहावं लागेल.

माझे यजमान वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नोकरीला, शनिवारी घरी येणार. त्यामुळे भावाचा सगळा वैताग त्यांच्याऐवजी माझ्या वाट्याला. तक्रार नाही, पण हा माणूस जवळून पाहिलेला आहे एवढंच सांगायचं आहे.

आमचं गाव मालवणच्या उत्तरेला, आचऱ्याच्या बाजूचं. देवळाचा रस्ता, वेशीचा रस्ता आणि मालवणचा रस्ता जिथे मिळतात त्या तिठ्यावर गुरूचं दुकान. पाटी एकच, तिच्यावरचं नाव मात्र किती वेळा रंगवलं ते पेंटरलाही आठवणार नाही. आधी फोटो स्टुडिओ. रोलचा कॅमेरा, मागे काश्मीरचा पडदा. मग जगातून रोलच गेले. गुरूनं डिजिटल कॅमेरा घेतला, तर त्याच कंपनीनं त्याहून बरा कॅमेरा बाजारात आणला. फोटो छापायचं मशीन घेतलं, तर लोकांनी फोटो छापणंच सोडलं. फोनवाल्या कंपन्यांनी फोनलाच तीन-तीन भिंगं लावली आणि पासपोर्टच्या फोटोपुरतंसुद्धा कुणी फिरकेना. टीव्ही ठेवले, तर पोरं दुकानात येऊन मॉडेलचं नाव टिपून घ्यायची आणि घरी बसून ऑनलाइन मागवायची. दूरच्या देशात दोन कंपन्या भांडतात आणि टाळं आमच्या तिठ्यावर लागतं, ही ह्या धंद्याची रीत आहे. गुरूला ती कळते, म्हणूनच तो स्वस्थ बसत नाही. पुढची कंपनी कोणती बुडणार ते आधी कळावं म्हणून जागा राहतो, आणि नेमका बुडणारीच्याच होडीत बसतो.

त्यातली एक बुडी गाव अजून विसरलेलं नाही. परशुरामतात्या हे आमच्या देवळाचे मानकरी. गौरजा त्यांची एकुलती एक लेक. तिच्या लग्नाचे फोटो गुरूनं काढले होते. त्या वेळी रोलच्या कंपन्यांत किमती पाडण्याची चढाओढ चालली होती. गुरूनं एका नव्या कंपनीचे स्वस्त रोल भरले आणि सगळेच्या सगळे काळे निघाले. नवरी नाही, नवरा नाही, अंतरपाट नाही. तात्यांनी भर देवळात सांगितलं, "ह्याच्या दुकानात माल आसा, अक्कल नाय." गौरजा दोन मुलांची आई होऊन आंबोलीला सुखात नांदतेय, तरी आमच्याकडे कुणाचं काही बिघडलं, अगदी आमटी बुडाला लागली, तरी लोक म्हणतात, रोल काळो झालो.

तर असा हा गुरू गेल्या वर्षी सुरक्षेच्या कॅमेऱ्यांत पडला. घराच्या कोपऱ्यावर लावायचे, मान वळवणारे, फोनवर चित्र दाखवणारे. त्याच्याकडे ऑर्बिट नावाच्या कंपनीचा माल. मालवणात धनेश म्हणून एक दुकानदार आहे, त्याच्याकडे झेनवा कंपनीचा. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या. झेनवा कॅमेरा जवळजवळ फुकटात देते आणि चित्रं साठवायची म्हणून दर महिन्याला भाडं काढते. ऑर्बिट भाडं घेत नाही, कॅमेऱ्यालाच जास्त मागते. ऑर्बिटची विक्री अधिकारी तन्वी कोल्हापूरहून यायची. चुणचुणीत मुलगी, बोलायची शुद्ध. तिनं गुरूला नीट समजावलं होतं.

"सर, गावात पहिला कॅमेरा ज्याचा लागतो, पुढे ते गाव त्याचंच राहतं. दुसरा कॅमेरा घ्यायचा तर लोक तोच घेतात, कारण ॲप तेच, मशीन तेच. म्हणून झेनवा आज तोटा सोसतेय. तुम्ही तुमचं एक गाव पूर्ण मिळवून दाखवा, मालवण तालुक्याची एजन्सी तुमची. नाही जमलं तर कंपनी दुसरा माणूस बघेल."

"मिळवतो, मॅडम," गुरू म्हणाला. साहेबांसमोर त्याचं मालवणी कुठे जातं कोण जाणे. ती गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "वयनी, ह्यां शेवटचां. ह्यां गेलां तर मी खंय जावचो?" त्याचे डोळे मला बघवले नाहीत. पन्नाशीला आलेल्या माणसानं पुन्हा पाटी रंगवायची म्हणजे काय, ते मला कळत होतं.

आणि नेमकी त्याच साली गावपळण आली.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या गावात काही वर्षांनी देव रवळनाथाला कौल लावतात, आणि देवानं उजवा, म्हणजे होकाराचा, कौल दिला की अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, एकही जिवंत जीव मागे ठेवायचा नाही. तीन रात्री सड्यावर, म्हणजे वेशीपलीकडच्या कातळाच्या मोकळ्या पठारावर, माडाच्या झापांच्या राहुट्या बांधून राहायचं. ते दिवस गाव देवाचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, आणि देवानं बोलावलं की परत. दारांना कडी घालतात, कुलूप घालायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या मनावर. आजवर सुपारीसुद्धा गेलेली ऐकलं नाही.

गुरूनं हे सगळं दुकानदाराच्या डोळ्यांनी पाहिलं. ओस गाव, उघडी घरं, वेशीबाहेर बसलेली माणसं आणि प्रत्येकाच्या खिशात फोन. कॅमेरा विकायला याहून चांगले तीन दिवस कुठल्या कंपनीला मिळणार होते? त्यानं काही घरांत नमुन्याचे कॅमेरे फुकट लावायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी तन्वी सड्यावर येणार, तीन दिवसांत टिपलेलं सगळं लोकांना दाखवणार आणि तिथल्या तिथे मागण्या घेणार. धनेशला हे कळलं तसं त्यानंही खालच्या वाडीत झेनवाचे कॅमेरे वाटले.

देवळात बैठक बसली. परशुरामतात्या खांबाला टेकून होते. म्हणाले, "गाव देवाक सोपवतंव आमी. सोपवल्यार मागसून डोळो ठेवचो? मगे सोपवलां काय?"

"तात्यानू, जिवंत जीव ठेवचो नाय इतकोच नेम आसा," गुरू म्हणाला. "कॅमेऱ्याक जीव खंय आसा?"

"तुझ्या कॅमेऱ्याक रोल तरी आसा काय? की तोय काळो?"

बैठक हसली. गुरूचे कान लाल झाले. मीही बायकांत बसून रागानं पदराचं टोक पिळत होते. शेवटी ठरलं की देवळात आणि रस्त्यावर कॅमेरा नको, आपापल्या भिंतीवर ज्याला हवा त्यानं लावावा. देवाला याबद्दल कौल लावायला मात्र कुणी धजलं नाही. गुरूनं आपल्या दुकानाच्या भिंतीवर लावला. भिंत त्याची होती, पण कॅमेरा बघत होता तिठा.

देवळात नौबत वाजली आणि आम्ही निघालो. डोक्यावर भांडी, डालीत कोंबड्या, दोरीला बकऱ्या. गावपळण म्हणजे आम्हा बायकांची खरी सुटी. झाडायचं नाही, सारवायचं नाही, पाहुणा येत नाही. दगडाच्या चुलीवर पेज शिजवायची, उरलेला वेळ गप्पा. घर मागे आहे हे तीन दिवस विसरायचं, त्यासाठीच तर देव बाहेर काढतो असं मला नेहमी वाटत आलंय.

या वेळी विसरता आलं नाही. पहिल्या दिवशी दुपारीच कुणाचा तरी फोन वाजला. "हालचाल आढळली." घरातली सगळी माणसं फोनभोवती गोळा. परसात माकड होतं. थोड्या वेळानं दुसऱ्याचा वाजला. माडाची सुकलेली झावळी पडली होती. मग तिसऱ्याचा, मग दोघांचा एकदम. तोंडल्याचा वेल वाऱ्यानं हलला तरी फोन वाजायचा, आणि वेशीआत तर पाऊल टाकायचं नाही. माणसं पेजेच्या ताटावरून उठू लागली. झेनवावाले म्हणत आमचं चित्र स्वच्छ, ऑर्बिटवाले म्हणत आमचा आधी वाजतो. जी बाई एरवी सड्यावर फुगडी घालायची ती आपल्याच रिकाम्या अंगणाकडे टक लावून बसलेली. मला संताप येत होता. गुरू मात्र ह्या राहुटीतून त्या राहुटीत फिरत होता. त्याच्या धंद्याला बेचैनीच हवी होती आणि ती त्यानं गावभर वाटली होती. पण त्याचाही चेहरा काही आनंदी दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमच्या राहुटीत कुळथाची पिठी ढवळत होते. किशोरी व्हाळावर कपडे धुवायला गेली होती. बाकी लोक जेवून आडवे झाले होते. गुरूचा फोन वाजला. त्यानं पाहिलं, आणि तो कधी नव्हे तो हललाच नाही. मग फोन माझ्यापुढे धरला.

तिठा दिसत होता. उन्हानं पांढरा पडलेला रस्ता आणि त्यावर परशुरामतात्या. अनवाणी, चपला काखेत धरलेल्या, एका हातात कळशी, खांद्यावर हिरव्या गवताचा भारा. तिठ्याच्या मधोमध त्यांनी ओझं खाली ठेवलं, देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. ऑर्बिटचा कॅमेरा आवाजही टिपतो. कंपनी त्याची जाहिरातच करते.

"बा रवळनाथा, म्हशीचे दिवस भरले. तिच्यान चलवत नाय, म्हणान गोठ्यात ठेवलंय. मानकरी मी, आणि मीच तुझो नेम मोडलंय. जां काय आसात तां माझ्यार घाल. गावार घालू नको, महाराजा."

गाऱ्हाण्यावर जमलेली माणसं म्हणतात ते 'होय महाराजा' त्यांना स्वतःच म्हणावं लागलं, कारण म्हणायला दुसरं कुणी नव्हतं. मग कळशी उचलताना त्यांची नजर वर गेली. कॅमेऱ्याची मान त्यांच्याबरोबर वळत होती, बारीक निळा दिवा लागलेला. तात्या थांबले. कॅमेऱ्याकडे बघत राहिले, म्हणजे आमच्याकडेच. मग मान खाली घालून गोठ्याच्या दिशेनं गेले.

मला हसू फुटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांचा काळा रोल एका दुपारी धुऊन निघाला होता. मी म्हटलं, "आता दाखव. सगळ्या सड्याक दाखव. मागसून डोळो ठेवचो काय, विचारी होते ना तात्या?"

गुरू फोन खिशात घालून बाहेर पडला आणि सड्यावर फिरत राहिला. कातळ तापलेला, तरी उन्हात फिरत होता. जेवला नाही. किशोरीला वाटलं पोट बिघडलं, तिनं ओवा दिला. मला कळत होतं की याच्यापेक्षा चांगला नमुना त्याला मिळणार नव्हता. रिकाम्या गावात एकच माणूस शिरला आणि ऑर्बिटनं तो चेहऱ्यासकट, आवाजासकट पकडला. तन्वीनं हे नुसतं एकदा दाखवलं असतं तर धनेशला गाशा गुंडाळावा लागला असता. आणि तात्यांना मानाचा नारळ पुन्हा कधी हातात घेता आला नसता. देवाकडे शुद्धीकरण, गावची माफी, आणि म्हातारपणी मान खाली.

दिवस कलताना तो माझ्या चुलीपाशी येऊन बसला. एक गुडघा वर.

"वयनी, म्हस ठेवली ती ठेवली. मी तेंच्या जाग्यार असतंय तर मीय ठेवली असती. पण तां गाऱ्हाणां तेनी देवाक घातलेलां. तां माझ्या कानार कित्याक इलां?"

"तुझोच कॅमेरो तो," मी म्हटलं.

"तांच तर म्हणतंय."

"आणि एजन्सी?"

त्यानं चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं, मागे ओढलं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर तन्वी आली. बरोबर ऑर्बिटचा फलक, लहान मुलांना गोळ्या, हातात मोठा टॅब. जांभळीच्या झाडाखाली माणसं जमली. परशुरामतात्या मानकरी म्हणून पुढच्या दगडावर बसलेले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. इतर वेळी बैठकीत दहा वेळा खाकरणारा माणूस, पण आज श्वास घेतोय की नाही असं वाटावं.

तन्वीनं आधी माकडं दाखवली, लोक हसले. मग म्हणाली, "आता सगळ्यात महत्त्वाची जागा, तिठा. इथून गावात कुणीही शिरलं तरी ऑर्बिटच्या नजरेतून सुटत नाही. सर, तुमच्या दुकानाचं रेकॉर्डिंग लावा."

गुरू उभा राहिला. हातातला फोन त्यानं दोनदा उलटासुलटा केला.

"तांच सांगूचां होतां," तो लोकांकडे बघून म्हणाला. "तिठ्यावरचो कॅमेरो बंद पडलो. पयल्याच दिसा. कायेक टिपूक नाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "रोल काळो झालो काय रे परत?" आणि सगळा सडा हसला. गुरू तसाच उभा राहिला, कान लाल, हात लोंबते. हसले नाहीत ते फक्त तात्या. ते मान वर करून गुरूकडे बघत होते, आणि मला त्या माणसाच्या डोळ्यांत बघणं जड गेलं. आदल्या दिवशी आपण हसलो ह्याची मला लाज वाटली.

लोक पांगल्यावर तन्वीनं गुरूला बाजूला घेतलं. मी जवळच होते.

"सर, कॅमेरा सुरू आहे. मला इथे दिसतंय. काल दुपारचं एक रेकॉर्डिंग पुसलंय तुम्ही. काय होतं त्यात?"

"माकडं."

"माकडांसाठी एजन्सी सोडताय?"

"कॅमेरा बंद होता, मॅडम," गुरू म्हणाला.

तिनं त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. पोरगी वाईट नव्हती. वर काय लिहून पाठवायचं ते तिच्या हातात नव्हतं एवढंच. त्याच संध्याकाळी धनेश मोटरसायकलवरून आला आणि झेनवाच्या पिशव्या वाटून मागण्या घेऊन गेला. तालुक्याची ऑर्बिटची एजन्सी पुढे कुडाळच्या एका मोठ्या दुकानाला मिळाली. हे गुरूला फोनवर कळलं तेव्हा तो दुकानातच होता. काउंटरवरची धूळ पुसत होता, ती पुसून झाली तरी पुसतच राहिला.

चौथ्या दिवशी उजवा कौल मिळाला आणि गाव आत शिरलं. तात्यांच्या गोठ्यात म्हशीजवळ रेडकू उभं होतं. सड्यावर ते कुणी पाहिलेलं नव्हतं, पण वाडीतल्या एकानंही ते कधी झालं, कुठे झालं, विचारलं नाही. न विचारणं हेसुद्धा गावात एक काम असतं आणि ते आम्ही मनापासून करतो. तात्यांनी मात्र त्या दिवशी देवळात एकट्यानं जाऊन बराच वेळ घालवला.

काही दिवसांनी ते दुकानात आले. मी डबा घेऊन गेले होते म्हणून तिथे होते. रोलवाल्या प्रकारानंतर त्यांनी ह्या दुकानाची पायरी चढलेली नव्हती. हातात स्टीलचा डबा होता, तो त्यांनी काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. वेलची घातलेला खरवस होता, त्याच म्हशीच्या पहिल्या दुधाचा.

गुरू उभाच होता. बसायला सांगायचंही त्याला सुचलं नाही. तात्यांनी भिंतीवरच्या कॅमेऱ्यांकडे पाहिलं.

"माझ्या गोठ्यार एक बसय."

"तात्यानू, आता झेनवाचो घेवा," गुरू म्हणाला. "सगळो गाव तोच घेता. धनेश बसवन देतलो. माझो बंद पडता, तुमी ऐकलास ना?"

"ऐकलंय," तात्या म्हणाले. "म्हणानच इलंय. माका बंद पडता तोच व्हयो."

तात्या पायरी उतरून गेले. गुरूनं डोळे पुसले, माझ्यापासून लपवायचा प्रयत्नही केला नाही, आणि शिडी खांद्यावर घेऊन त्यांच्या मागून निघाला. खरवसाचा डबा तसाच उघडा पडलेला, म्हणून मी झाकण लावलं, पण आधी एक वडी तोंडात टाकली.